इतिवृत्तातून मी गाळलेलं वाक्य

मला कबुतरांची शिसारी येते. यात सांगण्यासारखं काही नाही, बिबवेवाडीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही येते. जाळी लावली तरी ती एसीच्या मागे घाण करतात, आणि ती घाण वाळून तिची पूड घरात येते. पण माझी शिसारी तेवढ्यावर थांबत नाही. पंख फडफडले की मला आमची वरची टाकी आठवते, आणि टाकी आठवली की माझंच अक्षर डोळ्यांसमोर येतं. अक्षर चांगलं आहे माझं. चौतीस वर्षं फळ्यावर लिहून ते तसं झालं. आता मला ते बघवत नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. व्याकरणात माझा आवडता धडा म्हणजे डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच. मुलं त्याला घाबरायची, म्हणून तो मी जास्त मन लावून शिकवायचो. एका माणसाचं बोलणं दुसऱ्यानं तिसऱ्याला पोचवायचं, एवढाच तो धडा. 'मी'चा 'तो' होतो, 'आज'चा 'त्या दिवशी' होतो, 'इथे'चं 'तिथे' होतं, क्रियापद एक पायरी मागे सरकतं. मग मी खडू टेबलावर ठेवायचो आणि म्हणायचो, "शब्द हलतील. म्हणणं हलता कामा नये." दरवर्षी त्याच जागी थांबून, त्याच आवाजात. वर्ग गप्प व्हायचा आणि मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आठवलं तरी तोंड कडू होतं.

निवृत्तीनंतर सोसायटीनं मला पकडलं. आमच्या इमारतीत पूर्वी सगळे मराठी. आता निम्म्या फ्लॅटमध्ये आयटीतली मंडळी, कुणी हैदराबादची, कुणी कोलकात्याची. त्यामुळे सभेचं इतिवृत्त इंग्रजीतून ठेवायचं ठरलं आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. चेअरमन मूळचे इथल्याच गावातले. इमारत उभी आहे ती त्यांच्या आजोबांच्या ज्वारीच्या वावरात. ते म्हणाले, "सर, तुमी हाय म्हणून निभतंय. नायतर आमचं इंग्लिश म्हणजे येस-नो." मी हसलो. इतिवृत्तात माणसं काय बोलली ते नेमकेपणानं, इनडायरेक्ट स्पीचमध्ये लिहायचं असतं. ते माझ्याइतकं शुद्ध पुण्यातल्या कुठल्या पेठेत, उपनगरात कुणी लिहीत नसेल, असं मला खरंच वाटायचं.

आमचा वॉचमन विदर्भातला. चाळिशीचा, उंच, मान थोडी पुढे झुकलेली. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत बायको आणि मुलीसोबत राहायचा. बायको तीन घरी पोळ्या करायची. मुलगी दहावीत होती. रविवारी दुपारी ती माझ्याकडे इंग्रजीला यायची. मी काही घेत नव्हतो, आणि घेत नाही हे सगळ्या इमारतीला माहीत असेल याची काळजी मात्र घेत होतो.

एका सकाळी वॉचमन दारात उभा राहिला. माझ्या बायकोनं दार उघडलं होतं, ती तिथेच थांबली.

"सर, वरच्या टाकीचं झाकण फुटलं हाये," तो म्हणाला. "अर्धं उडून गेलं. कबुतरं बसते तिथं."

"मग मी काय करू? मी चेअरमन आहे का?"

"त्यायलेच सांगतलं. दोन डाव. ते म्हणे, सरांकडं लेखी द्या."

आमच्या सोसायटीत लेखी दिल्याशिवाय काही हलत नाही. लिफ्ट बंद पडली तरी तसंच, दिवा गेला तरी तसंच. आलेला अर्ज मी नोंदवायचा, चेअरमनकडे पाठवायचा, मग प्लंबर किंवा वायरमन यायचा. ही पद्धत मीच घालून दिली होती. तोंडी तक्रारीत भांडणं होतात, असं माझं म्हणणं.

"मग दे लेखी," मी म्हणालो.

संध्याकाळी तो वहीचं फाडलेलं पान घेऊन आला. चार ओळी मराठीत लिहिल्या होत्या. 'टाकिचे झाकन तुटले आहे.' माझा हात शर्टाच्या खिशातल्या लाल पेनाकडे गेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ते पेन खिशात असायचंच. मी 'कि' दीर्घ केली, 'झाकन'मधल्या 'न'भोवती गोल काढला.

"'ण' बाणाचा," मी म्हणालो. "नळाचा नाही. तुमच्याकडे बाण नसतो का?"

तो हसला. दुसरं काय करणार होता?

"नीट लिहून आण. रेकॉर्डला राहतो हा कागद."

दोन दिवसांनी त्यानं दुसरा कागद आणला. मुलीनं लिहिलेला, रेघा मारलेल्या कोऱ्या पानावर, इंग्रजीत. माझे वडील म्हणतात की वरच्या टाकीचं झाकण तुटलं आहे. ते म्हणतात की कबुतरं टाकीच्या काठावर बसतात आणि एखादं आत पडेल. त्यांची विनंती आहे की नवीन झाकण लवकर बसवावं. अशी तीन वाक्यं. मी ती तिथेच उभ्या उभ्या वाचली आणि मला आनंद झाला. कशाचा, ते लिहायला हवं. बापाचं म्हणणं तिनं बापाच्या नावावर ठेवलं होतं, स्वतःचं त्यात मिसळलं नव्हतं. एक अवतरणचिन्ह नाही, एक चूक नाही. माझ्या हाताखाली सहा महिन्यांत एवढी तयारी. मी खाली लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि शेजारी 'व्हेरी गुड' लिहिलं.

"पोरगी हुशार आहे तुझी," मी त्याला म्हणालो.

"झाकणाचं, सर?"

"हो हो. ठेवून घेतो हा."

ठेवून घेतलाच. पुढच्या रविवारी दुसऱ्या मुलांना नमुना म्हणून दाखवावा, म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात ठेवला. नोंदवहीत नोंद केली नाही. चेअरमनकडे पाठवला नाही. मी तो कागद अर्ज म्हणून वाचलाच नव्हता.

सुमारे तीन आठवड्यांनी पाण्याला वास यायला लागला. आधी पुसट, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा. बायको म्हणाली, "अहो, चहाला काही वेगळंच लागतंय." मी म्हणालो, नवीन चहापत्ती असेल. तो चहा मी दोन दिवस प्यायलो. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या बादलीत राखाडी पीस तरंगताना दिसलं. तोवर इमारतीत सात-आठ घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले होते. माझ्या बायकोला दोन दिवस पाणीसुद्धा ठरत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, त्यांना दवाखान्यात सलाईनवर ठेवावं लागलं.

प्लंबर वर चढला. दोन कबुतरं निघाली. एक बरंचसं शाबूत होतं, दुसऱ्याचं सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. प्लंबरनं ते फावड्यानं गोणपाटात घेतलं, आणि जिन्यातून खाली नेताना गोणपाटातून थेंब पडत गेले, प्रत्येक मजल्यावर. माणसं दारात उभी राहून नाकाला रुमाल लावून बघत होती. ते थेंब वॉचमननं पुसले, फिनाईल टाकून, चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत, ओणवं होऊन. माझ्या दाराशी आला तेव्हा त्यानं वर पाहिलं. मी दार लोटून घेतलं.

रविवारी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलाशी मी आणि वही. लोक चिडलेले होते आणि ते साहजिक होतं. मेलेलं कबुतर प्यायलो, हे वाक्य कुणालाही सहन होत नाही. ते कुणावर तरी काढायला हवं होतं.

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला तरुण म्हणाला, "बेसिक क्वेश्चन आहे. टाकीवर रोज कोण जातं? वॉचमन. मग त्याला दिसलं नाही?"

वॉचमनला पुढे बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. एरवी आमच्याशी बोलायचा तसा तो त्या दिवशी बोलला नाही. शब्द तोलून, एकेक सुटा करून, शाळेत पाठ म्हणावा तसा बोलला. तीनच वाक्यं.

"झाकण तुटलेलं मला माहीत होतं. मी चेअरमनसाहेबांना दोनदा सांगितलं, ते म्हणाले सरांकडे लेखी द्या. मी सरांना दोनदा लिहून दिलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला सगळं सुचत होतं. कागद कुठल्या पुस्तकात आहे, पुस्तक कपाटाच्या कुठल्या खणात आहे, कितव्या पानात आहे, हेही. वर जाऊन तो आणायला चार मिनिटं लागली असती. पण तो आणला असता तर लोकांनी तो हातोहात फिरवला असता, आणि त्यावर लाल पेनानं 'व्हेरी गुड' लिहिलेलं होतं. त्या दोन शब्दांवर ही माणसं मला जन्मभर हसली असती. मला शिक्षेची भीती नव्हती, कुणी काही करणारही नव्हतं. हसतील, एवढीच भीती.

"माझ्या तरी लक्षात असं काही नाही," मी म्हणालो.

"नोंदवहीत बघा ना सर," कुणीतरी म्हणालं.

मी वही उघडून दाखवली. नोंद नव्हतीच.

चेअरमन खाकरले. "आता बघा, सरांच्या वहीत न्हाई म्हणजे न्हाईच. सर काय खोटं बोलतील?" वॉचमननं दोनदा सांगितलेलं त्यांना आठवत होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि माझं त्यांना दिसलं असणार. दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

वॉचमननं एकदा माझ्याकडे पाहून मान खाली घातली, जणू लाजिरवाणं काही माझ्याकडून नाही, त्याच्याकडून घडलं होतं.

मी इतिवृत्त लिहिलं. वॉचमननं सांगितलं की झाकण तुटलेलं असल्याची त्याला कल्पना होती. काळ बरोबर मागे सरकवला होता, सर्वनाम बरोबर बदललं होतं, पूर्णविराम जागेवर होता. त्याची तीन वाक्यं होती, त्यातलं मी पहिलं घेतलं आणि दोन गाळली. जे घेतलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता. चौतीस वर्षांत मी इतकं निर्दोष आणि इतकं घाणेरडं वाक्य लिहिलं नव्हतं. खाली पुढची ओळ: निष्काळजीपणाबद्दल त्याला कामावरून कमी करण्याचा ठराव एकमतानं मंजूर. माझाही हात वर होता, दुसऱ्या हातात पेन असल्यामुळे डावा.

तीन दिवसांनी टेम्पो आला. लोखंडी पलंग, दोन पिंपं, कुकर, मुलीची पुस्तकं बांधलेली गोणी. मी गॅलरीतून बघत होतो. बायको मागे येऊन उभी राहिली.

"तो कागद घेऊन आला होता ना?" ती म्हणाली. "दार मी उघडलं होतं."

"आला असेल."

"दोनदा आला होता."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून ती पाणी दोनदा उकळते, आणि माझा तांब्या भरून माझ्यासमोर ठेवताना काही बोलत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात एवढी मोठी बोलणी मी खाल्लेली नाहीत.

आठ महिन्यांनी मुलगी आली. अकरावीत गेली होती, अंगात कॉलेजचं जॅकेट. मी बस म्हणालो, ती बसली नाही. बायकोनं पाणी आणलं, तिनं हातात घेतलं आणि तसंच टेबलावर ठेवलं.

"सर, बाबांना कुठेच वॉचमनचं काम मिळत नाहीये," ती म्हणाली. "दोन सोसायट्यांनी हो म्हटलं आणि मग नाही म्हटलं. काल तिसऱ्या ठिकाणी त्यांनी कारण सांगितलं. आपल्या चेअरमननी हे फॉरवर्ड केलंय सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर."

तिनं मोबाईल पुढे केला. इतिवृत्ताच्या पानाचा फोटो. तिनं बोटांनी तो मोठा केला, माझं वाक्य मध्यभागी आणलं.

"हे तुम्ही लिहिलंय. अक्षर ओळखलं मी."

"मिनिट्स म्हणजे सारांश असतो गं. सगळं घेता येत नाही."

"बाबा तीन वाक्यं बोलले होते. मी जिन्यात उभी होते." ती जराही आवाज चढवत नव्हती. "बाबांना इंग्लिश येत नाही. त्यांनी मला विचारलं, यात काय लिहिलंय, वाच. मी वाचलं. ते म्हणाले, बरोबर आहे, हे मी म्हणलो होतो. मग म्हणाले, पुढचं वाच. पुढे काहीच नव्हतं, सर."

मी टेबलावरचा तिचा पेला उगाच बाजूला सरकवला.

"शब्द हलतील, म्हणणं हलता कामा नये," ती म्हणाली. "टोमणा नाही मारत. मला खरंच समजत नाहीये. तुम्ही हे कसं लिहिलंत?"

मी म्हणालो, "बाबा आता काय करतात?"

"मार्केट यार्डात. कांद्याच्या गाळ्यावर पोती उचलतात. पाठ गेलीये त्यांची." ती दाराशी गेली आणि वळली. "मी लिहिलेला तो कागद तुमच्याकडे असेल तर द्या. नसेल तर नाही म्हणा. म्हणजे मी बाबांना सांगते, विषय संपला."

"शोधतो," मी म्हणालो.

शोधायचं काही नव्हतं. ती लिफ्टनं खाली पोचायच्या आत मी पुस्तक काढलं होतं. कागद होता तिथेच होता. त्या घडीला मी गॅलरीतून हाक मारून तिला परत बोलवायला हवं होतं. मी कागद परत पुस्तकात ठेवला आणि चार महिने काढले. या चार महिन्यांचं समर्थन माझ्याकडे नाही. रोज सकाळी फिरायला जायचो, पेपर वाचायचो, दात घासायचो. माणूस स्वतःच्या घाणीत किती निवांत राहू शकतो, हे मला वयाच्या सत्तरीत कळलं.

वार्षिक सभेची नोटीस लागली तेव्हा हललो. सभेत पहिला विषय नेहमी तोच असतो: मागील सभेची इतिवृत्तं वाचून कायम करणे. ती एकदा कायम झाली की ती सोसायटीपुरती खरी होतात. त्याआधी कुणीही सभासद उठून दुरुस्ती सुचवू शकतो. दहा वर्षांत आमच्याकडे कुणी उठलेलं मला आठवत नाही. मी वाचायचो, लोक मोबाईल बघायचे, चेअरमन म्हणायचे 'कायम', आणि चहा यायचा.

आधल्या दिवशी मी चेअरमनकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सर, झालं ते झालं. आता एजन्सीचा वॉचमन हाय. त्याला काढून ह्याला आणायचा का?"

"आणायचं नाही. खरं ते लिहायचं, एवढंच."

"त्यात माझंबी नाव येणार."

"येणार."

"अन् तुमचं जास्त," ते म्हणाले. "बघा बुवा. मला लोक काय, शेतकरी गडी म्हणून सोडून देतील. तुमाला नाय सोडणार. तुमी शिकवलेलं हाय सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी त्याच पार्किंगमध्ये, त्याच खुर्च्यांवर माणसं बसली. मी आधीची दोन इतिवृत्तं वाचली, मग ते तिसरं. त्या वाक्यापाशी थांबलो. म्हणालो, "यात दुरुस्ती आहे. ती मीच सुचवतोय." आणि वॉचमनची तिन्ही वाक्यं मराठीत वाचून दाखवली. मग सांगितलं, की त्यानं लिहून दिलं होतं, कागद माझ्याकडे होता, त्या सभेच्या दिवशीही होता, आणि तो असल्याचं मला आठवत होतं.

मग आयटीतला तरुण म्हणाला, "सर, वर्ष झालं आता. मूव्ह ऑन करू या ना. नेक्स्ट पॉइंट पार्किंगचा आहे."

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पुढच्या रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "थांब रे. तुला पार्किंग, मला सलाईन होतं." मग माझ्याकडे वळल्या. "बघू तो कागद."

मी दिला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. त्यांना इंग्रजी येतं, त्या टेलिफोन खात्यात होत्या.

"यावर तुम्ही मार्क दिलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"व्हेरी गुड."

"हो."

"म्हणजे मी ते पाणी प्यायले तेव्हा हे तुमच्याकडे तपासून तयार होतं."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी दोघं. ज्याची मला वर्षभर भीती होती ते हसू आलं आणि दहा-बारा सेकंदांत संपलंही. एवढंसंच होतं ते. एवढ्याशासाठी एका माणसाच्या पाठीवर मी पोती चढवली होती.

चेअरमन म्हणाले, "दुरुस्ती लेखी द्या, सर."

मी चार प्रती आणल्याच होत्या, वॉचमनची वाक्यं मराठीतच ठेवून. एक जण म्हणाला, याला सरांचं वैयक्तिक निवेदन म्हणून नुसतं जोडू. आजी म्हणाल्या, "निवेदन नाही. दुरुस्ती. मी इथून उठत नाही." त्या उठल्या नाहीत. चहा थंड व्हायला लागला तेव्हा हात वर गेले, निम्म्यापेक्षा थोडे जास्त. चेअरमनांचाही गेला. दुरुस्तीसह कायम.

दोन दिवसांनी मी एक प्रत घेऊन मार्केट यार्डात गेलो. कांद्याच्या गाळ्यांपुढे सालींचा थर होता, पाय घसरत होते, कुजक्या कांद्याचा वास डोळ्यांत जात होता. तो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. मला बघून उठू लागला.

"बसा," मी म्हणालो. "तुम्ही बसा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहो-जाहो केलं, आणि ते त्याला ऐकू आलं हे मला दिसलं.

मी कागद दिला. त्यानं हात विजारीला पुसले आणि ओळीखाली बोट धरून वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटत होतं, तो काहीतरी म्हणेल. शिवी देईल, किंवा जाऊ द्या म्हणेल.

"हे मी असं नाई बोललो, सर," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं बोट ठेवलं. मी मोठ्या प्रामाणिकपणे त्याची वाक्यं त्याच्या बोलीत लिहिली होती: 'मले मालूम होतं', 'सांगतलं', 'लिहून देलं'. जसंच्या तसं द्यायचं म्हणून.

"सभेत मी 'मला' म्हणलो होतो. 'सांगितलं' म्हणलो होतो. पोरीनं आदल्या दिवशी बसवून घेतलं होतं माझ्याकडून. चार लोकांत बोलायचं म्हणून." त्यानं कागद माझ्याकडे धरला. "तुमी ऐकलंच नाई वाटते."

मी ऐकलं होतं. लिहिताना मात्र मला तो इस्त्रीचा शर्ट आठवला नाही, दारातला वॉचमन आठवला. मी खिशातून पेन काढलं, निळं, आणि तिथेच पोत्यावर कागद ठेवून ती तीन वाक्यं त्यानं सांगितली तशी पुन्हा लिहिली. तो एकेक शब्द सांगत होता, मी लिहीत होतो. लिहून झाल्यावर त्यानं वाचून मान हलवली.

"याच्यावर सोसायटीचा शिक्का पाह्यजे," तो म्हणाला. "नाईतर लोक म्हणतीन मीच लिहून आणलं."

शिक्का चेअरमनकडे असतो. मी रिक्षानं परत आलो, दुरुस्त वाक्यं टाईप करून घेतली, शिक्का मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्यानं कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात. मुलीचा तो लाल खुणेचा कागदही मी सोबत दिला. तो मात्र त्यानं परत केला. म्हणाला, "हा तुमच्याकडंच असू द्या." माफीचा मी शब्द काढला, तेवढ्यात मुकादमानं हाक मारली आणि तो गेला. मी मागे थांबलो नाही. थांबण्यासारखं माझं तिथे काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात फोन आला. येरवड्याकडच्या कुठल्याशा सोसायटीचे सेक्रेटरी. कागदाखाली माझं नाव होतं म्हणून.

"आपल्याकडे होता तो वॉचमन. माणूस कसा आहे हो?"

"त्यानं झाकण तुटल्याचं चार वेळा सांगितलं होतं. दोनदा तोंडी, दोनदा लेखी. आम्ही ऐकलं नाही."

"ते वाचलं मी. म्हणजे माणूस ठीक आहे म्हणता?"

"माणूस ठीक आहे."

"नाही, आमच्याकडे कबुतरांचा फार त्रास आहे, म्हणून म्हटलं. बरं, पहिल्या तारखेपासून बोलावतो मग. तशी आमच्याकडे पद्धत चांगली आहे. काही तक्रार असेल तर आम्ही लेखी घेतो."

"लेखी नका घेऊ," मी म्हणालो. "तो सांगेल तेव्हा वर जाऊन बघा."